पावती क्रमांक सतरा

"गुन्हेगाराच्या मनात गुन्हा शिरण्याआधी तो माझ्या ध्यानात येतो," असे भिकाजी खारदळकर स्वतःविषयी सांगत. "आणि एकदा का शिरला, की तो माणूस माझ्यापुढे काचेच्या बरणीतले लोणचे. फोड कुठली आणि खार कुठला, हे मी लांबून सांगतो. झाकण काढायची गरज नाही."

ही ओळख ते कुणालाही, न विचारता, शुद्ध मराठीत करून देत. शुद्ध मराठी ही त्यांची कामावरची भाषा. भूक लागली किंवा भीती वाटली की ते मालवणीवर येत, आणि घरात सावित्रीला तीच भाषा जास्त ऐकायला मिळे.

कुडाळहून छापून आणलेल्या त्यांच्या कार्डावर लिहिले होते: 'भिकाजी आबा खारदळकर, खाजगी गुप्तहेर. सरहद्दीवर एकतीस वर्षे अखंड सेवा. लहानमोठे सर्व गुन्हे उकलून मिळतील. मंगळवार बंद.' मुंबईहून आलेले पाहुणे 'सरहद्द' वाचून खुर्चीतून उठून उभे राहत. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली सावित्री कप पुढे करी. सरहद्द गोव्याची होती, आणि सेवा म्हणजे इन्सुलीच्या नाक्यावर आडवा दांडा वर करणे व खाली करणे. कार्डात खोटे एक अक्षर नव्हते. सत्याची फक्त एक बाजू उन्हात वाळत घातली होती, दुसरी सावलीत.

सावित्री त्यांची बायको आणि, कार्डावर नसले तरी, त्यांची मदतनीसही. मदतनिसाचे काम एवढेच, की ते बोलायचे थांबले की "मगे?" म्हणायचे. ते ती मनापासून करी. तिचे स्वतःचे काम वेगळे होते. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे तर लहानपणापासूनचे. त्यात यंदा, म्हणजे दोन हजार पाच साली, दसऱ्याला तिने सव्वा लाख जपाचा संकल्प सोडला होता. घरच्या रामरगाड्यात एका बैठकीला जप होणे कठीण. म्हणून तिची एक रीत होती. एक माळ पुरी झाली की पिशवीतला एक चिंचोका पितळेच्या वाटीत टाकायचा. मध्येच गुरे सुटोत, पाहुणे येवोत, वाटीला सगळे आठवते. दिवेलागणीला वाटीतले चिंचोके मोजून आकडा वहीत लिहायचा, लिहिलेला पुन्हा वाचायचा, आणि मगच वाटी रिकामी करायची. आधी रिकामी करून मग लिहायचे, हे तिने एकदाही केले नव्हते. माणसाचे काय, वाटी ओतली आणि वही उघडली, एवढ्यात कुणी हाक मारली की संपले.

तर त्या साली मार्गशीर्षात खारदळ्याची गावपळण आली. चारेक वर्षांनी एकदा रवळनाथाचा कौल होतो आणि सगळा गाव वेस ओलांडून बाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, माळ्यावरची मांजरेसुद्धा. तीन दिवस गावात चूल नाही, दिवा नाही, पाऊल नाही. गाव देवाचा आणि त्याच्या परिवारातल्या अदृश्य मंडळींचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी गुरव देवाला पाकळ्या लावून पुन्हा कौल मागतो. उजवी पाकळी पडली की परत. तोवर राहायचे ओहोळापलीकडच्या आंब्याच्या बागेत, झावळ्यांच्या खोपीत.

भिकाजीराव कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून गावकीने त्यांना एक जबाबदारी दिली: "गाड्यो मोजा." त्यांनी ओहोळावर बांबूचा दांडा आडवा बांधला. एकतीस वर्षांचा हात तो. दांडा दिसला की अंगात वारे येते. सोमवारी दुपारपासून एकही गाडी तपासल्याशिवाय सुटली नाही.

"मालाची यादी?"

"अवो भिकाजीनु, भावाकडे खोपीत ऱ्हवाक जातंय, गोव्याक नाय!"

"यादीत टोप चार लिहिलेत. मला पाच दिसतात. पाचवा जप्त."

असे करत त्यांनी सोळा वस्तू जप्त केल्या. त्यात एक विळी ('धारदार हत्यार'), एक गजराचे घड्याळ ('टिकटिक करते, सबब संशयास्पद') आणि गुरवाची पडवळे होती. प्रत्येकाला कार्बन घालून रीतसर पावती. माल त्यांच्या नोकरीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, कुलपाची किल्ली करगोट्याला. जप्त माल दोन साक्षीदारांशिवाय उघडायचा नाही, हा त्यांचा नियम. आणि साक्षीदार म्हणून उभे राहायला गावात कुणी तयार नसे, म्हणून तो नियम कधी मोडला गेला नव्हता.

दिवस कलता कलता शेवटची गाडी आली, ती वाचनालयाची. गाडीवर संगणक, आणि बाजूने चालत वाचनालयाचा शिपाई बाबली. गावपळण सुखरूप पार पडली तर तीन दिवस मौन पाळीन, असे बाबलीने आपल्या गाभण म्हशीसाठी देवाला बोलून ठेवले होते, आणि उधारी नको म्हणून मौन आधीच सुरू केले होते. वेस ओलांडताच तोंड बंद. लिहूनही काही सांगायचे नाही, कारण लिहिणे म्हणजे हाताने बोलणेच. भिकाजीरावांनी यादी पाहिली, गाडी पाहिली, बाबलीच्या काखेतली पिशवी पाहिली आणि काही विचारले. बाबलीने दोन्ही हात हलवले. भिकाजीरावांनी सतरावी पावती फाडली, वर्णनाच्या जागी घाईत 'पिशवी, एक' लिहिले आणि दांडा वर केला.

मंगळवारी सकाळी सावित्री तुळशीला पाणी घालत होती. तुळस तिने डालड्याच्या डब्यातून बरोबर आणली होती. तेवढ्यात वर्षाली आली. वर्षाली वाचनालयाची ग्रंथपाल. चार वर्षे हंगामी. डोळे रडून लाल.

"काकी, काका खंय आसत?"

"आज मंगळवार गो. बंद." सावित्रीने तांब्या खाली ठेवला. "काय झाला ता माका सांग."

झाले होते ते असे. गुरुवारी सकाळी दहाला जिल्ह्याचे ग्रंथालय अधिकारी तपासणीला यायचे होते. तारीख साहेबांनी ठरवली होती आणि गावपळण रवळनाथाने. दोघेही मागे हटेनात. शेवटी साहेब म्हणाले, बागेत येतो, पण नोंदी मला दिसल्या पाहिजेत. मागच्या तपासणीला नोंदवह्या वाळवीने खाल्लेल्या निघाल्या होत्या, आणि वर्षालीचे कायम होणे तिथेच अडले होते. म्हणून तिने दोन वर्षे बसून चार हजार तीनशे बारा पुस्तके संगणकात भरली. यंदा नोंदी दिसल्या तर ती कायम. नाही तर मार्चअखेर जागाच बंद, आणि वाचनालयाला कुलूप. शेजारच्या गावातल्या पंपघरातून वायर ओढली, संगणक मांडला. उघडायला गेली तर उघडेना.

"काय म्हणता तो?"

"म्हणता, लॉगची फाइल मिळणा नाय."

संगणक शिकवणारा आणि वाचनालयात बसवून देणारा गुरुप्रसाद कुडाळला होता. मोबाइलला रेंज फक्त सड्यावरच्या मोठ्या खडकावर. वर्षाली खडकावर चढली, सावित्री खाली उभी राहिली, आणि फोन एवढा मोठा लावला होता की गुरेही ऐकत होती.

"वर्षाली, नीट ऐक," गुरुप्रसाद म्हणाला. "तुझी पुस्तकं, सभासद, कुणी काय नेलं, ही सगळी टेबलं. ती एका डिस्कवर. पण प्रोग्रॅम थेट टेबलात लिहीत नाही. आधी लॉगमध्ये टिपतो, मग सवडीनं टेबलात भरतो. मध्येच लाइट गेली तर उठल्यावर लॉग वाचतो आणि राहिलेलं पुरं करतो. एक डिस्क गेली तर दुसरी हाताशी असावी म्हणून लॉग मी वेगळ्या डिस्कवर ठेवलाय. पुढं तो हँडलवाला, ओढून काढता येणारा खण आसा मां, त्यात."

वर्षाली खडकावरून उतरली, खोपीत गेली, परत चढली. "गुरुप्रसाद, थय खण नाय. भोक आसा."

गुरुप्रसादने दुसराच प्रश्न काढला.

"सोमवारी तू तो नीट बंद करून निघालीस ना? नीट बंद केला असलास तर सगळं टेबलात उतरलेलं असतं. मग नवीन कोरा लॉग करून भागवता येईल."

"माजा दोनशे चौदा पुस्तकांचा काम चालू होता! गावपळण म्हणान सगळ्यांनी पुस्तका परत हाडून टाकल्यानी. शेवटचा पुस्तक भरलंय, बंद करतंय तवसर वायरमनान गावची लाइनच काडल्यान."

"मग हात लावू नको!" गुरुप्रसाद असा ओरडला की एक म्हैस दचकली. "कोरा लॉग अजिबात करू नको. अर्ध्या नोंदी टेबलात, अर्ध्या लॉगात. कोरा लॉग ठेवलास तर तो समजेल, काही बाकीच नाही. टेबलं कायमची बिघडतील. खण शोध. टेबलं आणि लॉग जोडीनंच राहायला हवीत."

खण शोधायचा कुठे? गाडी भरली बाबलीने, आणि बाबली मौनात. सगळ्यांचे म्हणणे एकच: खण वाचनालयातच राहिला. म्हणजे वेशीच्या आत, आणि वेस गुरुवारी संध्याकाळपर्यंत बंद. वर्षाली ओहोळाच्या काठी जाऊन पलीकडे पाहत बसली. पलीकडे वाचनालयाची कौले दिसत होती. हाकेच्या अंतरावर. सावित्री तिच्याजवळ जाऊन बसली. देवाची वेस मोडायची असे मनात येणेसुद्धा त्या पोरीला सहन होत नव्हते, आणि मनात तर येत होते.

बुधवारी सकाळी भिकाजीराव उघडले. प्रकरण ऐकून त्यांनी डोळे मिटले, कारण मिटलेल्या डोळ्यांनी त्यांना जास्त दिसे.

"सावित्री, इकडे लक्ष दे. चोराने मोठा संगणक सोडला आणि लहान खण नेला. यावरून काय सिद्ध होते?"

"मगे?"

"चोर एकटा आहे, आणि त्याची कंबर दुखते."

त्यांनी बागेतल्या सगळ्यांना वाकायला लावले. एकोणीस जणांची कंबर दुखत होती. खोपीत जमिनीवर निजून दुसरे काय होणार. संशयितांची यादी जास्तच लांबली, तेव्हा त्यांनी तो सिद्धान्त मागे घेतला आणि दुसरा पुढे आणला. गाव सोमवारपासून कुणाच्या ताब्यात? भुताखेतांच्या. त्यांना तीन दिवस करमणूक काय? वाचन. वाचायला काय हवे? वाचनालय. कुठले पुस्तक जागेवर आहे हे पाहायला? नोंदी!

"अवो, भुतांका पुस्तका दिसतत तर कपाट दिसणा नाय?" सावित्रीने हळूच विचारले.

भिकाजीरावांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी त्यांनी एकेकाळी बिनपावतीच्या काजूच्या ट्रककडे टाकली असेल. मग भुते सुटली आणि शेजारच्या गावचे वाचनालय सापडले: वीज त्यांच्या पंपघरातून येते, म्हणजे वायरीतून नोंदी त्यांनी ओढून घेतल्या! वायर दोन्ही टोकांना हुंगून पाहिली. रबराचा वास आला. "पुरावा पुसून टाकलेला दिसतो," ते म्हणाले.

तिसरा सिद्धान्त वाईट होता. "तक्रारदारावर पहिला संशय घ्यावा, असे शास्त्र आहे," म्हणून त्यांनी वर्षालीलाच विचारले, सोमवारी दुपारी तीन ते सहा ती कुठे होती. वर्षाली म्हणाली, "तुमच्याच दांड्याकडे, काका. आमच्या घरच्या गाडीची यादी तपासून घेत." आणि रडायला लागली. सावित्रीने नवऱ्याकडे नुसते पाहिले. भिकाजीरावांनी शास्त्रात दुरुस्ती केली.

उरला बाबली. तो सकाळपासून त्यांच्या मागेच होता. त्याने हवेत चौकोन काढला. मुठीने काहीतरी उचलल्याचे दाखवले. मग एक हात आडवा धरून वर नेला, खाली आणला, वर नेला, खाली आणला. आणि शेवटी दोन्ही हातांची बोटे भिकाजीरावांवर रोखली.

"बघा," भिकाजीराव जमलेल्यांना म्हणाले. "चौकोन म्हणजे खिडकी. मूठ म्हणजे बादली. हात वरखाली, म्हणजे लाट. खिडकीतून कुणीतरी बादलीने समुद्र..." ते थांबले. "उरलेले नंतर. पण शेवटची खूण स्वच्छ आहे. हा गरीब माणूस म्हणतो, साहेब, आता तुम्हीच! तुमच्याशिवाय कुणी नाही!" आणि त्यांना भरून आले.

बाबलीने कपाळावर हात मारला.

"हा नमस्कार," भिकाजीराव म्हणाले.

दुपारी पेज होऊन बाग जरा कलंडली. सावित्री आंब्याच्या मुळावर जपाला बसली होती; सकाळपासूनच्या माळांचे चिंचोके वाटीत पडत होते. कुणाची तरी कोंबडी खोपीत शिरली म्हणून ती उठली. परत येते तो भिकाजीराव तिच्या जागी बसलेले, समोर धुळीत चिंचोके पसरलेले, आणि पिशवीतलेही त्यातच ओतलेले.

"हा मी," एक मोठा चिंचोका पुढे सरकवत ते म्हणाले. "हा बाबली. हे एकोणीस कंबरवाले. ही सगळी भुते..."

"अवो." सावित्री जागच्या जागी उभी राहिली. "ह्या काय केलात तुमी?"

"मांडणी."

"ते वाटयेतले चिंचोके होते. आजच्यो माळो किती झाल्यो, ता आता माका कशा कळतला?"

भिकाजीरावांना चूक समजली की त्यांची भाषा बदलत असे. "वहीत बग मां गो."

"वहीत कालचा आसा. आजचा सगळा वाटयेत होता."

"मगे नवी वाटी घी. रिकामी. आणि फुडे चल. कोण बगता?"

सावित्री खाली बसली. एक एक चिंचोका पुसून पिशवीत भरू लागली. रागावली नव्हती, तिला रागावता येत नसे, तो गुण देवाने दुसऱ्या कुणाला तरी जास्त दिला होता. ती हळू म्हणाली, "रिकामी वाटी ठेवलंय तर माजो आजचो दिवसच झालो नाय असा होता. आणि अंदाजान आकडो घातलंय तर देवाकडे खोटा बोलणा. दोनय नको. वही आणि वाटी जोडीन ऱ्हवाक व्हयी..."

आणि तिचा हात चिंचोक्यावर थांबला.

हेच ते. टेबले म्हणजे तिची वही आणि लॉग म्हणजे तिची वाटी. वर्षालीची वही संगणकात होती, वाटी हरवली होती. आणि गावपळणीला निघताना स्वतः सावित्रीने काय केले होते? वही पेटीत घातली होती, आणि वाटी पेटीत मावेना, म्हणून ती वेगळी, काखेतल्या पिशवीत. ज्याच्यावर जीव असतो आणि जे मोठ्या सामानात मावत नाही, ते माणूस काखेत घेऊन चालतो. बाबली ते विसरून कसा येईल?

"अवो, बाबल्याच्या काखेत..." तिने मान वर केली. भिकाजीराव जागेवर नव्हते.

'नवी वाटी घी, रिकामी.' स्वतःच्याच वाक्याने ते भारावून गेले होते. खोपीतून त्यांचा शुद्ध मराठी आवाज येऊ लागला. "वर्षाली, मला उपाय सापडला आहे! कोरा लॉग! तो पाहा, पडद्यावर संगणक स्वतःच विचारतो आहे, 'नवीन करू का?' बिचारा किती नम्र आहे!"

"काका, नको, नको! गुरुप्रसाद म्हणालोहा..."

"गुरुप्रसादने सरहद्द पाहिली आहे का?"

सावित्री धावली. लुगड्याचा काचा सावरत, गुरांच्या दाव्यावरून उडी मारत. तिचे वय सत्तावन होते आणि सकाळपासून पोटात पेजेच्या निवळीशिवाय काही नव्हते. खोपीच्या दारातून तिला दिसले: भिकाजीरावांची तर्जनी, तिच्याखाली संगणकाचे बटण, आणि दोहोंमध्ये जेमतेम एका चिंचोक्याचे अंतर.

"थांबा!"

चौतीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज असा चढलेला कुणी ऐकला नव्हता. ओहोळावरच्या बाया धुणे टाकून आल्या. भिकाजीरावांची तर्जनी आपोआप वर गेली, नाक्यावरच्या दांड्यासारखी, आणि वरच राहिली.

सावित्रीने दम घेतला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबल्याक कोणीतरी हाक मारा."

बाबली आला. सावित्री त्याला म्हणाली, "बाबल्या, तुजा मौन मोडूचा नाय. तू खुणापण करू नको, खुणांचे अर्थ हयसर लय होतत. मी विचारतंय, तू फकत मान हलय. वर्षालीच्या कंप्युटराचो खण तू भायर काडलंस?"

होय.

"गाडयेर धक्के बसतले म्हणान काखेत धरलंस?"

होय, होय.

"वेशीच्या भायर हाडलंस?"

बाबलीची मान एवढी हलली की टोपी पडली.

कालपासून अख्खी बाग त्या माणसाचे हातवारे बघत होती. त्याला सरळ 'होय की नाय' विचारावे, हे कुणाच्या मनात आले नव्हते. गुप्तहेर हजर असताना असल्या साध्या गोष्टी कोण करतो?

"मगे आता तो कोणाकडे आसा? बोट दाखय."

बाबलीने बोट दाखवले.

"पाहिलंत?" भिकाजीराव सद्गदित झाले. "पुन्हा मीच. केवढी ही श्रद्धा."

सावित्रीने मात्र बोटाच्या टोकापासून सरळ रेघ धरली. ती भिकाजीरावांच्या चेहऱ्यावर जात नव्हती. कमरेवर जात होती. करगोट्याला किल्ली लोंबत होती.

बागेत टेबल नव्हते, म्हणून सोमवारी संगणक एका पत्र्याच्या ट्रंकेवर मांडला होता. वर सावित्रीच्याच जुन्या लुगड्याचे धडपे अंथरलेले, त्यामुळे खाली काय आहे हे सगळे विसरले होते. संगणक उचलला. धडपे काढले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात अक्षरे होती: भि. आ. खारदळकर.

"दोन साक्षीदार लागतील," भिकाजीराव क्षीण आवाजात म्हणाले.

"बत्तीस आसत," वर्षाली म्हणाली.

ट्रंक उघडली. गुरवाच्या पडवळांना वास सुटला होता. विळी निघाली, थांबलेले घड्याळ निघाले, पाचवा टोप निघाला. आणि तळाशी पिशवीत, बाबलीच्या बायकोच्या ओढणीत गुंडाळलेला, हँडलवाला काळा खण. बाबलीला आता कुठे पावती आठवली; ती त्याने खिशातून काढून सर्वांना दाखवली. ती भिकाजीरावांच्या अक्षरातली असल्याने ती दाखवून त्याचे मौन मोडत नव्हते. क्रमांक सतरा. खुणांचाही उलगडा झाला: चौकोन म्हणजे खण, मूठ म्हणजे हँडल, आणि वरखाली होणारा हात म्हणजे एकतीस वर्षांची अखंड सेवा.

दोन दिवस लॉग टेबलांच्या खाली वीतभर अंतरावर होता.

"पुरावा," भिकाजीराव म्हणाले, "मी गुन्हा घडण्याआधीच ताब्यात घेतला होता. पहिल्या वाक्यातच मी सांगत असतो..."

"काका," वर्षाली म्हणाली, "बाजूक व्हा."

तिने खण भोकात सरकवला. खट्. चावी फिरवली. वायर जोडली. सावित्रीने डोळे मिटून हात जोडले. वर्षालीला वाटले खणासाठी, आणि ते खरेही होते. पडद्यावर ओळी सरसर खाली जाऊ लागल्या. संगणक आपली वाटी मोजत होता. सोमवारी दुपारी जिथे लाइट गेली, तिथून एक एक चिंचोका उचलून तो वहीत उतरवत होता. एकशे नव्वद. दोनशे. दोनशे चौदा. मग पडदा स्थिर झाला आणि चार हजार तीनशे बारा पुस्तके ओळीने उभी राहिली.

वर्षालीने या खेपेला प्रोग्रॅम नीट बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. मग रडली, पण ते रडणे निराळे होते.

गुरुवारी दहाला अधिकारीसाहेब आले. दांड्यापाशी अडकले, कारण त्यांच्याकडे मालाची यादी नव्हती. सावित्रीने जाऊन दांडा स्वतः वर केला. साहेब ट्रंकेसमोर पाटावर बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "आजमितीस बाहेर किती पुस्तके आहेत?"

वर्षालीने दोन बटणे दाबली. "एक, सर."

"सबंध गावात एकच?"

"गावपळण म्हणून सगळ्यांनी परत केली. एक सोडून." ती घुटमळली. "'गुन्हेगार कसा ओळखावा', भाग पहिला. दोन वर्षे चार महिने झाले."

"कोणाकडे आहे?"

बाबलीने बोट दाखवले. या खेपेला अर्थ लावायला कुणी पुढे आले नाही.

साहेब हसले आणि त्यांनी शेऱ्यात लिहिले: नोंदी चोख, जागा कायम करण्याची शिफारस. संध्याकाळी गुरवाने पाकळ्या लावल्या. रवळनाथाने जरा वेळ घेतला, मग उजवी पाकळी पडली. बागेत एकच गलका झाला, बाबलीचे मौन सुटले आणि सोमवारपासूनचे सगळे तो एका दमात बोलला. ते इथे लिहिण्यासारखे नाही. म्हैस मात्र सुखरूप होती.

घरी येऊन सावित्रीने दिवा लावला, जपाची वही काढली. बुधवारच्या ओळीत तिने आकडा घातला नव्हता. त्या दिवसापुढे लिहिले होते, 'वाटी सांडली. आकडा नाही.' एवढेच खरे होते, तेवढेच देवाला सांगितले.

मग ती वाटी घ्यायला गेली, तर वाटी एकटी नव्हती. शेजारी दुसरी एक वाटी होती, स्टीलची, भिकाजीरावांच्या दाढीची. तिच्यात तीन चिंचोके आणि खाली घडी केलेली पावती. अक्षर नाक्यावरचे, ठसठशीत:

'पावती क्रमांक अठरा. जप्त माल: जप, एक दिवसाचा. माल परत करता येत नाही. सबब खाली सही करणाराने स्वतः तीन माळा केल्या आहेत. गुडघे दुखतात. बाकी हप्त्याने.'

खाली सही. सहीखाली, कार्बनच्या निळ्या अक्षरांत, ओळीबाहेर, मालवणीत: 'चुकी झाली गो.'

सावित्रीने पावती दोनदा वाचली. ते तीन चिंचोके तिने आपल्या वाटीत टाकले नाहीत. दुसऱ्याचा जप आपल्या नावावर घालणे तिला पटणारे नव्हते. तिने वहीत एक नवे पान उघडले, वर लिहिले, 'ह्यांचा', आणि त्याखाली तीन आकडा घातला. लिहिलेले पुन्हा वाचले. मगच स्टीलची वाटी रिकामी केली.